फणसाच्या फळीवर माई आत्या

मी ऑइलमध्ये पोर्ट्रेट रंगवते, तीही लाकडाच्या फळीवर, आणि मला बरेच जण विचारतात की कॅनव्हास सगळीकडे मिळतो, ताणलेला, प्रायमर मारलेला, मग तू फळीच्या मागे कशाला लागतेस. एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून हे एवढं लिहितेय. कॅनव्हासला माझा विरोध नाही, पाच-सहा फुटांचं चित्र असेल तर कॅनव्हासच हवा, तेवढं लाकूड उचलणार कोण. पण हातभर आकाराचं पोर्ट्रेट असेल, त्यातून माणूस म्हातारं असेल, चेहऱ्यावर बारीक रेषांचं जाळं, पापणीच्या कडेला ओलावा, नाकावर चष्म्याने पाडलेले खळगे, तर कॅनव्हासचं विणकाम मधे मधे येतं. तुम्ही सुरकुती काढता आणि तिच्या आडवा सुताचा धागा जातो. फळीवर तसलं काही नाही. घासून गुळगुळीत केलेली पांढरी जमीन, म्हणजे रंगाच्या खालचा लेप, कडक, ब्रश दाबला तरी मागे सरकत नाही, आणि ओला रंग नकोसा वाटला तर फडक्याने पुसायचा, खालचा पांढरा परत वर येतो. मला ही पुसण्याची सोय सगळ्यात मोठी वाटते, कारण माझं निम्मं पोर्ट्रेट रंग लावून होतं आणि निम्मं रंग काढून.

आणि ही काही नवी टूम नाही. ऑइल पेंटिंगचा युरोपातला सुरुवातीचा सगळा बहर लाकडावरच आहे, कॅनव्हास मागून रुळला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हॅन आयक ह्या जुन्या चित्रकाराचं 1433 सालचं एक पोर्ट्रेट आहे, लाल फेट्यासारखं कापड डोक्याला गुंडाळलेला माणूस, बहुतेक तो स्वतःच, ओकच्या फळीवर, आकार जेमतेम 26 × 19 सेंटीमीटर. म्हणजे शाळेच्या वहीएवढं. तेवढ्यात त्या माणसाच्या गालावरचे दाढीचे खुंट दिसतात, डोळ्याच्या पांढऱ्यातल्या लाल शिरा दिसतात. आणि गंमत म्हणजे फ्रेमच्या उभ्या दोन बाजू आणि चित्राची फळी हे एकाच लाकडातून कोरलेलं आहे, मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते, की चित्रकाराच्या आधी सुताराने किती विचार केला असेल. उत्तरेकडे ओक, इटलीत पॉप्लर, ज्याच्या भागात जे झाड त्याची फळी. मोनालिसासुद्धा पॉप्लरच्या एका फळीवर आहे, 77 × 53 सेंटीमीटर, आणि त्या फळीला वरच्या कडेपासून डोक्याच्या दिशेने खाली आलेली एक चीर आहे, ती पुढे वाढू नये म्हणून मागून फुलपाखराच्या आकाराचं लाकूड बसवलेलं होतं. पॅरिसच्या लूव्हर म्युझियमवाले तिला काचेमागे हवेचा ओलावा सांभाळून ठेवतात ते उगाच नाही.

ती चीर मला फार महत्त्वाची वाटते कारण लाकडाचं सगळं गणित तिच्यात आहे. लाकूड झाड तोडल्यावर मरतं असं आपण म्हणतो पण ते हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, कायम. घेतलं की फुगतं, सोडलं की आकसतं, आणि हे सगळीकडे सारखं होत नाही, रेषांच्या लांबीत फळी जवळजवळ हलतच नाही, जे काय हलते ते आडवं. त्यातही झाडाची वर्तुळं जशी फिरतात त्या दिशेने जास्त, आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मं. म्हणून फळी कशी चिरलीय हे बघायचं. टोकाकडून बघा, वर्तुळांच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभ्या असतील तर ती फळी शहाणी, जाग्यावर राहील. रेषा धनुष्यासारख्या वळलेल्या दिसल्या तर ती कधीतरी पन्हाळी होणार.

आता मूळ गोष्टीवर येते. आमचं संगमेश्वरकडचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माजघरातलं जुनं फडताळ निघालं. दारं फणसाच्या लाकडाची, एकेक दार अखंड फळीचं, बारा इंचांच्या वर रुंद, जाडी चांगली इंचभर. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक असतं आणि जुनं होत होत लालसर तपकिरी होतं, ही दारं तर पार काळपट झालेली. वाळवी फणसाच्या गाभ्याला सहसा लागत नाही म्हणून कोकणात खांब, तुळया, दारं फणसाची करतात. सगळ्यांचं म्हणणं होतं की हे जळणात घाला. मी ती दारं उचलून पडवीत भिंतीला उभी केली आणि तेव्हाच ठरवलं की ह्यावर माई आत्याला रंगवायचं. ती ह्याच घरात वाढली, लग्नानंतर काही वर्षांनी परत इथेच आली, ह्या फडताळात तिच्या लोणच्याच्या बरण्या आणि आमसुलाचे डबे असायचे. ऐंशी ओलांडली तरी अजून कंबरेत वाकून अंगण झाडते.

आमच्या सुतारकाकांना फळी दाखवली. त्यांनी नखाने टोचून बघितलं, टोकाकडची वर्तुळं बघितली, बोटाच्या पेराने वाजवून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हिची काय ती मस्ती कवाच जिरली, आता ही कुठं जायची नाय." बरोबर आहे ते. जुनं लाकूडही हवेप्रमाणे थोडं हलतंच, पण ताजं लाकूड वाळताना जे वाकतं, पिळतं, फाटतं, ते सगळं ह्या फळीचं आधीच होऊन गेलेलं. त्यांनी रंधा मारला, दोन्ही बाजू सपाट केल्या, बिजागरीचे खिळे होते तो बहुतेक भाग कापून टाकला आणि सोळा बाय बाराची फळी हातात दिली. मागून आडव्या पट्ट्या खिळून देऊ का म्हणून विचारलं तर मी नको म्हटलं, कारण आडव्या हलणाऱ्या लाकडाला तुम्ही खिळ्याने जखडलं की त्याला हलायला जागा राहत नाही आणि मग ते फाटतं. जुन्या दारांना मागे पट्टी असते ती बघा, खाचेत सरकवलेली असते, सरस लावलेला नसतो. एवढ्या लहान फळीला तीही लागत नाही.

ज्यांच्याकडे असं जुनं दार नाही त्यांनी प्लाय घ्यावं, त्यात कमीपणा नाही. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात म्हणून एका थराचं हलणं दुसरा थर अडवतो. फक्त दुकानात मरीन प्लाय म्हणून मागा आणि त्यावर आयएस 710 (भारतीय मानक) चा शिक्का आहे ना बघा, 303 वालं साधं प्लाय कपाटाला ठीक आहे. कापलेल्या चारी कडा सील करा, पाणी तिथूनच शिरतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, कोकणात नकोच. पुण्यात, सोलापुरात चालेल कदाचित, पण पावसाळ्याचे चार महिने जिथे उशा-गाद्यांना वास येतो तिथे एमडीएफची कड फुगून पापड होतो त्याचा.

आता जमीन तयार करणं. माझं मत विचाराल तर पोर्ट्रेट इथेच ठरतं, चेहऱ्याचा एकही ठिपका पडायच्या आधी. फणसाच्या लाकडात पिवळा रंग असतो, नुसता दिसायला नाही, खरंच रंगवायचा रंग, श्रीलंका-ब्रह्मदेशाकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं फणसाच्या लाकडाच्या तुकड्यांनी रंगवायची पद्धत आहे. म्हणजे हा रंग पाण्यात उतरतो. त्यावर थेट पाण्यातला जेसो, म्हणजे रंगाआधीचा पांढरा लेप, लावला तर पिवळेपणा वर येणार. म्हणून आधी लाख. सुतार पॉलिशला वापरतात तोच चपडा, स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, विरघळला की बाटली हलवायची नाही, मेण गढूळ होऊन खाली बसतं, वरचं निवळ तेवढं हलक्या हाताने काढून घ्यायचं. मेण आलं तर वरचा थर नीट धरत नाही. ह्या निवळ लाखेचे पातळ हात दोन्ही बाजूंना आणि कडांना. दोन्ही बाजूंना हे विसरू नका. पुढून बंद आणि मागून उघडी फळी एकाच बाजूने पाणी पिते आणि मग वाकते.

जुने लोक लाकडावर सरसाचा जेसो करायचे, म्हणजे जनावराच्या कातड्याचा सरस आणि खडूची पूड, इटलीत खडूच्या जागी जिप्सम. फार सुंदर लागतो तो, हस्तिदंतासारखा, मी पुण्यात करून बघितलेला आहे. सरस रात्रभर पाण्यात भिजवायचा, दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा, उकळू द्यायचा नाही कारण उकळला की त्याचा चिकटपणा जातो. पण सरस हवेतलं पाणी ओढतो आणि बुरशीला तो आवडतो, त्यामुळे ज्या घरात हे चित्र लागणार होतं तिथे तो नको. मी ॲक्रिलिक जेसो घेतला, त्यात थोडी व्हाइटिंगची, म्हणजे खडूची, पूड मिसळली म्हणजे जरा दात येतो, रंग धरेल अशी खरखर, घावनाच्या पिठाएवढा पातळ केला आणि रुंद मऊ ब्रशने एक हात उभा, वाळला की दुसरा आडवा, असे थर चढवले. मधे मधे पॉलिश पेपर, आधी 220 नंबरचा, शेवटी 320. शेवटचा घासताना पाण्याचा हलका हात. दिवसाचा प्रकाश तिरपा पाडून बघायचं, ब्रशची एकही खूण दिसली नाही पाहिजे आणि तरीही नख फिरवलं तर किंचित खरखर लागली पाहिजे. अगदी काच केली तर रंग घसरतो.

हे करत असताना मला तंजावर आठवत होतं. आपल्याकडे लाकडावर चित्र म्हटलं की लोकांना परदेशच आठवतो, पण तंजावरची चित्रं फळीवरच असतात, आणि बरेचदा फणसाच्याच. फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ किंवा डिंक ह्यांचा लेप, मग घासून गुळगुळीत. ही कला बहरली ती भोसल्यांच्या तंजावरात, दुसरे सरफोजी राजे 1798 ते 1832 गादीवर होते तो काळ तर तिचा ऐन भराचा. रंग तेलातले नसतात तिथे, आणि सोन्याचा वर्ख, खडे, देवांची रूपं, वेगळंच जग आहे ते. पण फळी, लेप, घासणं, हे तेच. म्हणून कोणी मला म्हणालं की हे युरोपचं आहे तर मला ते अर्धंच खरं वाटतं.

आत्याला बसवणं हा भाग सोपा गेला. पोर्ट्रेट फोटोवरून करायचं नाही असं माझं ठाम मत आहे. मोबाईलचा कॅमेरा जवळून नाक मोठं करतो, कान मागे ढकलतो, सावल्या काळ्या करून टाकतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यात एकच क्षण असतो. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा सतत थोडा थोडा बदलत असतो आणि तुम्ही रंगवता ते त्या सगळ्याचं मिळून काहीतरी. खांद्यापर्यंतचंच चित्र होतं म्हणून हात मोकळे, ती मांडीवर सूप घेऊन कुळीथ निवडायची. मान खाली जायला लागली तेव्हा मी मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खिडकीच्या गजांना टेकवून कीर्तन लावून दिलं, मग नजर तिथेच. मधेच म्हणायची, "अगो, अजून किती, डाळ शिजायची आहे माझी," आणि तरीही हलायची नाही.

आमची पडवी उत्तरेकडे आहे, ऊन थेट येत नाही, सकाळभर प्रकाश जवळजवळ सारखा राहतो. एक बाजू जुनी चटई लावून बंद केली म्हणजे प्रकाश एकाच अंगाने येईल आणि चेहऱ्याचा दुसरा अर्धा सावलीत जाईल. पण सावली काळी नव्हती. बाहेरचं अंगण लाल मातीचं, सारवलेलं, त्यावर पडलेलं ऊन खालून वर उसळत होतं आणि हनुवटीच्या खाली, नाकपुडीच्या खाली, भुवईच्या खालच्या बाजूला एक तांबूस उजेड आणत होतं. हे मी स्टुडिओत कधीच बघितलं नसतं. कोकणातल्या चेहऱ्याचा तो खास प्रकाश आहे असं मला आता वाटतं, खालून येणारा लाल.

सुरुवात कोळशाने. डोक्याचा अंडाकार नाही, मी कवटीपासून जाते, कपाळाचं हाड, गालाचं हाड, जबडा, मग त्यावर मांस कुठे सुटलंय ते. म्हाताऱ्या चेहऱ्यात हाडं वर येतात हे चित्रकाराचं भाग्य. कोळसा झटकून फक्त अंदाज ठेवला आणि बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या चेहऱ्यावर हात फिरवला, पूर्ण तपकिरी. मग फडकं. कपाळावरचा उजेड फडक्याने पुसून काढला, नाकाचा शेंडा बोटाला फडकं गुंडाळून, पापणीवरची रेघ कापूस काडीला गुंडाळून, गालावरची बारीक जाळी सुकलेल्या ब्रशने खरवडून. म्हणजे प्रकाश रंगवायचा नाही, तो खाली आहेच, त्याच्यावरचं काढायचं. कॅनव्हासवर हे नीट होत नाही, रंग विणीच्या खड्ड्यात अडकून बसतो. एका सकाळी आत्या त्या तपकिरी पांढऱ्यात उमटली आणि मला वाटलं इथेच थांबलं तरी चालेल, पण थांबले नाही. बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असतं, ते लवकर वाळतं, म्हणून खालच्या थराला ते चांगलं.

त्यानंतर रंग. इथे मला एक तळमळीने सांगायचंय. दुकानात फ्लेश टिंट नावाची ट्यूब मिळते, गुलाबीसर, ती घेऊच नका. ती आपली त्वचा नाही, खरं तर कोणाचीच नाही, पण आपली तर अजिबातच नाही. लहानपणी चित्रकलेच्या वर्गात आपण सगळ्यांनी आया-आज्या त्या गुलाबी रंगात रंगवल्यात आणि त्याचं मला आता खरंच वाईट वाटतं. माझ्या पॅलेटवर यलो ओकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरिन, अगदी थोडा अलिझरिन, विरिडियन आणि टायटॅनियम व्हाइट. झिंक व्हाइट मी टाळते, त्याचा थर वाळून ठिसूळ होतो. आत्याचा गव्हाळ, उन्हात रापलेला रंग ओकर आणि सिएनातूनच आला. कपाळ पिवळटाकडे, गाल-नाक-कान तांबूस कारण तिथे रक्त वर असतं, आणि तोंडाभोवती, जबड्यावर एक हिरवट राखाडी. सावलीत अंबर आणि अल्ट्रामरिन, पातळ, खालचं जरा दिसेल असं. आणि सावळ्या, तेलकट त्वचेवरची चमक पांढरी नसते, निळसर असते, कारण त्यात आकाश दिसत असतं. ती निळसर चमक कपाळावर ठेवल्याबरोबर बाकीचा तपकिरी एकदम जिवंत होतो, हे मी दर वेळी बघते आणि दर वेळी थरारते.

हे बघायला शिकायचं असेल तर पणजीला जा. तिथल्या फोंतेन्हास ह्या जुन्या वस्तीत फुंदासांव ओरिएंत ह्या संस्थेच्या वास्तूत ए. एक्स. त्रिंदाद (1870–1935) ह्यांची चित्रं आहेत. गोव्याचा माणूस, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला, त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां म्हणायचे. त्यांनी घरातल्या, आसपासच्या माणसांची त्वचा ज्या प्रेमाने बघितलीय, त्यात कुठेही गोऱ्या रंगाची उसनवारी नाही. आपल्याकडची पोर्ट्रेटची परंपरा जे.जे.पासून, म्हणजे 1857 पासून, कोल्हापूरपर्यंत एवढी घट्ट आहे, आणि तरी आपण घरातल्या भिंतीवर कॉम्प्युटरवर रंग फासलेला फोटो लावतो हे मला पटत नाही.

थरांचा नियम एकच, खाली रुक्ष आणि वर तेलकट. ऑइलचा रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खालचा थर जास्त तेलाचा असेल तर तो हळू वाळतो, वरचा त्याच्या आधी कडक होतो, मग खालचा हलला की वरचा तडकतो. म्हणून सुरुवातीला टर्पेंटाइन जास्त, पुढे पुढे तेलाचा थेंब वाढवत न्यायचा. आत्याला वासाने खोकला यायला लागला म्हणून मी टर्पेंटाइनची बाटली तिच्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवली. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, घरात पेंढा, सुकी लाकडं असतात, तेव्हा तर मुळीच नको. पसरून वाळत घाला नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका.

डोळ्यांना सगळ्यात जास्त वेळ दिला. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतोच, वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते, मी तो राखाडी, कोपऱ्यात किंचित गुलाबी ठेवते. आत्याच्या बुबुळाभोवती वयामुळे एक निळसर करडं कडं आलंय, पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत असतं, आपण रोज बोलतो त्यांच्याशी आणि आपल्याला दिसत नाही. मला ते तिच्यासमोर कितीतरी सकाळी बसल्यावर दिसलं. मऊ सिंथेटिक ब्रशने, अगदी थोडा रंग घेऊन ते कडं ठेवलं, बाहेरची कड पुसट, आतली त्याहून पुसट. गुळगुळीत फळी नसती तर एवढ्याशा जागेत ते झालंच नसतं, तांदळाच्या दाण्याएवढी जागा आहे ती. चष्मा तिने काढून ठेवला होता पण नाकावरचे खळगे होते, ते ठेवले. कपाळावर कुंकवाच्या जागी फिकट झालेला गोल डाग आहे, तोही. तिने विचारलं होतं की तो काढशील का, म्हणजे ठेवू नको ह्या अर्थाने की ठेव ह्या अर्थाने ते मी विचारलं, तर म्हणाली, "आहे तो आहे, ठेव." मग ठेवला.

केस रेषारेषांनी काढत नाही मी. आधी करड्या-जांभळट रंगाचा एकच गोळा, मग उजेडाच्या बाजूला थोडे उबदार पांढरे फटकारे, आणि अगदी शेवटी कानाजवळ सुटलेल्या चार-दोन बटा लांब केसांच्या ब्रशने. अंगावरचं लुगडं सुती, विटकरी काठाचं, ते पटकन झालं. मागची भिंत अंबर आणि हिरव्यात, खोलवर, काही नाही त्यात.

तोंड सगळ्यात अवघड. बोलणारं माणूस गप्प बसलं की ओठ कुठेतरी तिसरीकडेच जातात. ते मी बऱ्याचदा पॅलेट नाईफने खरवडून काढलं आणि परत बसवलं, फळीला काही होत नाही, जमीन टिकते. शेवटी कीर्तनात कुठल्यातरी आख्यानाला ती मनातल्या मनात हसली, ओठ मिटलेलेच, फक्त उजवा कोपरा आत गेला. तो कोपरा एका फटकाऱ्यात मिळाला आणि मी त्याला परत हात लावला नाही.

आता जपणुकीचं, कारण त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. इजिप्तमध्ये फय्युम भागात सापडलेले लाकडी फळ्यांवरचे चेहरे, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातले, बरेचसे मेणात कालवलेल्या रंगांचे, आजही ताजे दिसतात, ते वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे. आपल्याकडे ती सोय नाही. चित्र फ्रेममध्ये घालताना फळीच्या बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडायला सांगितली, पावसाळ्यात फुगायला. मागून गोंद नाही, खिळा नाही, फक्त वळवता येतील अशा पितळी पट्ट्या. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवर लावायचं नाही, ती पावसात ओली होते, माजघराच्या आतल्या भिंतीवर, आणि तिथेही फ्रेमच्या चार कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे, म्हणजे हवा खेळती राहील. चुलीच्या आणि देवघराच्या धुरापासून लांब. वार्निश लगेच नाही, निदान सहा महिने जाऊ द्यायचे, त्यात पावसाळा आला तर आणखी थांबायचं, दमट हवेत वार्निशखाली ओल अडकली की पांढुरकं होतं.

आत्याने पूर्ण झालेलं चित्र जवळून बघितलं, चष्मा लावून, मग बाजूने, मग फळी उलटी करून मागून. मागे मी बिजागरीच्या खाचेचा थोडा भाग राहू दिला होता, त्यावर बोट फिरवून म्हणाली, "हे आपल्या फडताळाचं दार ना गो." मग विचारलं दुसरं दार कुठाय. ते सुतारकाकांकडे रंध्याला दिलंय, त्याला एका बाजूला जुनी भेग आहे म्हणून ते जरा अरुंद निघेल, दहा इंच मिळाले तरी पुरे. त्यावर धाकट्या काकूला बसवायचं आहे, तिचं म्हणणं आहे की चष्म्यासकट काढ आणि नथ हवी. चष्म्याच्या काचेत पडवीचा उजेड कसा दिसतो ते मी आत्तापासूनच बघायला लागलेय, आणि लाख भिजत घातलीय.